भुजंग येईपर्यंत आबाराव बरे आहेत

आबाराव बाजारात वारले. वांग्याचा भाव विचारला, ऐकला आणि जागेवर बसले. भाजीवाली अजून शपथेवर सांगते की भाव काही एवढा नव्हता. लोकांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती दाबली, डोळ्यात बॅटरी मारली आणि हात धुवायला आत गेले. डॉक्टर हात धुवायला गेला की काय समजायचं ते कुंभार पिंपळगावात लहान लेकराला कळतं.

हे झालं. आणि सकाळी अकरा वाजता गावानं ठरवलं की हे झालंच नाही.

कारण भुजंग. आबारावांना एवढा एकच मुलगा. तो कॅनडात, कॅलगरी नावाच्या गावात, मालाच्या एका मोठ्या गोदामात कामाला. आणि लांबच्या माणसाला मयतीची बातमी मयत म्हणून द्यायची नसते, हा आपल्याकडचा जुना कायदा आहे. 'सिरियस हाय, निघ' एवढंच सांगायचं. मग माणूस रस्ताभर आशेवर येतो, येता येता निम्मं त्याचं त्यालाच कळत जातं, आणि घराच्या वळणावर पांढऱ्या टोप्या दिसल्या की उरलेलं कळतं. सांगायचं पाप कुणाच्याच माथी येत नाही. पुण्याहून येणाऱ्याला हा कायदा नीट पुरतो. मुंबईच्याला जरा ताणावा लागतो. कॅनडापर्यंत तो कुणी चालवून पाहिला नव्हता.

फोन करायचं काम आदिनाथकडं आलं. आदिनाथ म्हणजे आबारावांचा पुतण्या, धाकटा भाऊ कचरू यांचा मुलगा. स्टँडवर त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. पीकविमा, सातबारा, भरतीचे फॉर्म, आधारचं नाव दुरुस्ती. काचेच्या पडद्यावर जे जे दिसतं ते ते आदिनाथला कळतं, असं गावाचं मत होतं. आदिनाथनं ते कधी खोडून काढलं नव्हतं, कारण धंदा त्याच्यावरच चालत होता.

"दादा, मोठ्या बाबाला जरा बरं न्हाई," आदिनाथ म्हणाला. तिकडं रात्र होती. भुजंग झोपेतून उठला होता.

"जरा म्हंजे?"

"सिरियस हाय. पण जरा."

"आदी, एक काय ते सांग. सिरियस हाय का जरा हाय?"

आदिनाथनं वडलांकडं पाहिलं. कचरूंनी हातानं मधलं दाखवलं.

"मधी हाय," आदिनाथ म्हणाला. "तू निघ."

शेजारी बायको निजलेली, म्हणून भुजंग हळू आवाजात म्हणाला, "प्रियाचा नववा महिना चालू हाय रे. हितं आम्हाला दुसरं कोण हाय?" आणि मग, "बघतो. निघतो. बाबाला सांग, मी निघालो."

"सांगतो," आदिनाथ म्हणाला. समोर दवाखान्यातून घरी आणलेले आबाराव वाकळीवर निजवलेले होते, नाकात कापूस होता. आदिनाथला सांगितल्यासारखं करायची इच्छा झाली, पण लोक बघत होते.

मग प्रश्न आला, कधी पोचेल. मातीची वेळ त्याच्यावर ठरणार होती. गोपिकाबाईंनी, म्हणजे आबारावांच्या बायकोनं, एकच सांगून ठेवलं होतं. "माझ्या लेकरानं बापाचं तोंड बघितल्याबिगर हात लावायचा न्हाई. भडाग्नी भुजंगच देईन." त्या एवढंच बोलल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. त्यामुळे सगळे आदिनाथकडं बघायला लागले.

आदिनाथनं फोन काढला. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी एक साईट असते. एका रकान्यात कॅलगरी टाकलं. आपल्या जालना जिल्ह्याला विमानतळ नाही, म्हणून दुसऱ्यात संभाजीनगर. पडद्यावर पृथ्वी आली, पृथ्वीवर एक लाल रेघ आली आणि खाली ठळक अक्षरात आलं: बारा हजार किलोमीटरच्या वर थोडंसं, उडायचा वेळ चौदा तास पंचेचाळीस मिनिटं.

"चौदा तास," आदिनाथनं जाहीर केलं. "पंधरा धरा."

"पंधराच?" कचरू पुढं सरकले. "मागल्या खेपेला मला सोलापूरला जायाला अकरा लागले होते." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. रेघ कॅनडातून निघून थेट वर चढली होती, उत्तर ध्रुवाच्या डोक्यावरून पलीकडं उतरून रशियातून खाली आली होती. "हे सरळ यायाचं सोडून वर कामून चाललंय?"

"जमीन गोल हाय अण्णा."

"मंग ती इकडून गोल न्हाई का?"

आदिनाथनं बोटानं पृथ्वी जरा फिरवून पाहिली. साईटच्या अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हा हिशोब दोन बिंदूंमधल्या रेघेचा आहे, अशा रेघेवरून कुणी विमान उडवत नाही, प्रवाशांनी यावर विसंबू नये. पण आदिनाथनं सात वर्षं सेंटर चालवलं होतं. खालची बारीक अक्षरं वाचायची नसतात, त्यांच्यापुढं टिक करायची असते. लोकांच्या वतीनं त्यानं हजारो वेळा 'मी वरील सर्व वाचले आहे' असं कबूल केलं होतं. इथं टिक करायला चौकोनसुद्धा नव्हता, म्हणून त्यानं खाली पाहिलंच नाही.

ठरलं. भुजंग पहाटेपर्यंत येतो, सकाळी माती. तोवर आबाराव बरे आहेत.

तर मग कामाला लागणं आलं. पहिलं म्हणजे स्टेटस. भुजंग विमानतळावर बसून मोबाईलच बघणार होता, आणि निम्म्या गावानं आबारावांचा फोटो फुलांच्या चौकटीत घालून लावूनसुद्धा टाकला होता. आदिनाथनं दारोदार फिरून ते काढायला लावले. काढले तर काढले, लोकांना नुसतं काढून चैन पडेना. त्यांनी तोच फोटो 'लवकर बरे व्हा' असं लिहून परत लावला. फुलं तीच राहिली. एका होतकरू पुढाऱ्यानं चौकात फ्लेक्स लावला होता, तो उतरवायला तो तयार नव्हता, कारण त्याचा स्वतःचा फोटो आबारावांपेक्षा मोठा आणि चांगला आला होता. शेवटी तडजोड झाली. 'श्रद्धांजली'वर कागद चिकटवून 'शुभेच्छा' लिहिलं. संध्याकाळपर्यंत चौकात 'आबाराव यांना भावपूर्ण शुभेच्छा' असं झळकत राहिलं.

दुसरं म्हणजे रडणं. बाया बोळाच्या तोंडापासूनच गळा काढत येतात, तशी रीत आहे. आदिनाथ तिथं जाऊन उभा राहिला.

"आत्या, आत्ता न्हाई."

"आत्ता न्हाई म्हंजे?" आत्यानं गळा अर्ध्यात धरला.

"भुजंगदादा येईपर्यंत मोठे बाबा बरे हायेत. त्याचा फोन कव्हाबी येतो. आवाज जायला नको."

आत्यानं तो हुंदका गिळला. गिळताना तिला ठसका लागला. मग पदर नीट करून आत जाता जाता तिनं, रीत म्हणून, विचारलं, "काही खाल्लं का मंग त्यायनी?"

"पेज घेतली," आदिनाथ म्हणाला. का म्हणाला, हे त्यालाही कळलं नाही.

"बरं केलं," आत्या म्हणाली आणि आत गेली.

आणि तिसरं म्हणजे गोपिकाबाई. त्यांच्या कपाळाला कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. भुजंगनं व्हिडिओ लावला तर? म्हणून ते सगळं तसंच ठेवायचं ठरलं. हे त्यांना सांगायला कुणी धजेना, तेव्हा कचरू दाराआडून म्हणाले, "वहिनी, तेवढ्या बांगड्या राहू द्या." गोपिकाबाईंनी हाताकडं पाहिलं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दुपारून घामानं कुंकू ओघळलं तेव्हा शेजारणीनं करंडा आणला आणि पुन्हा लावलं. नवरा निजलेला, त्याच्या उशाशी बसून कुंकू लावून घेणारी बाई गावानं पहिल्यांदा पाहिली. कुणाचीच मान वर झाली नाही.

मयत ठेवायची गार पेटी अंबडहून आली. वर काचेचं झाकण, बाजूला फ्रीजसारखं मशीन. आबाराव आत गेले. ऑक्टोबरचं ऊन होतं, घरात तेवढे तेच थंड होते.

संध्याकाळी भुजंगचा फोन आला. आदिनाथला वाटलं, वेळेआधीच उतरला.

"विमानतळावर चाललोय," भुजंग म्हणाला. "विमान दुपारी हाय. हितं आता सकाळ हाय."

"आजून बसलाच न्हाई? दादा, चौदा तासच लागतात, मंग..."

"कोन म्हणलं चौदा?"

"साईट म्हणली."

"आरं लेका, सरळ विमान कुठलं. आधी जर्मनीला उतरायचं, तिथं निम्मा दिवस बसायचं. मंग मुंबई. मंग संभाजीनगर. परवा दुपार धर."

आदिनाथनं फोन ठेवला. अंगणात बसलेल्या लोकांना सांगितलं.

"म्हंजे मधली गावं घेत येतंय म्हण की," कचरू म्हणाले.

"व्हय अण्णा."

"येष्टीवाणी."

"व्हय."

"मंग ती रेघ कुणाची व्हती?"

आदिनाथ उठून पेटीचं मशीन बघायला गेला. मशीन चालू होतं. पाच मिनिटांनी लाईट गेली.

लाईट गेली की पिंपळगावात ती कधी येईल हे कुणी विचारत नाही, विचारलं की आणखी लांबते म्हणतात. धर्मराज नावाच्या तरण्या माणसाचा डीजे होता आणि डीजेच्या गाडीवर जनरेटर होता. त्याला बोलावलं. तो माणुसकीला जागून लगेच आला. गाडी दारात लावली, वायर आत सोडली, जनरेटर सुरू केला. पेटी गार व्हायला लागली. पण गाडीतली जोडणी अशी होती की जनरेटरबरोबर वरचे रंगीत दिवे आपोआप सुरू व्हायचे. हिरवे, निळे, गुलाबी. ते गोल फिरत भिंतीवरून यायचे, आबारावांच्या काचेवरून जायचे.

"हे बंद न्हाई का व्हत?" आदिनाथनं विचारलं.

"बंद केलं की मेन जातंय," धर्मराज म्हणाला. "गाणं बंद ठिवलंय ना मी."

त्याचे सगळ्यांनी आभार मानले.

इकडं आबारावांची तब्येत सुधारत होती. यात आदिनाथचा एकट्याचा दोष नव्हता. भुजंगला विमानात चढताना धीर पाहिजे, म्हणून त्यानं फक्त 'चहा घेतला' असं कळवलं होतं. पण भुजंग गप्प बसणारा नव्हता. त्यानं मामाला फोन केला. मामा म्हणाला, उठून बसलेत. त्यानं एका मित्राला फोन केला. मित्र म्हणाला, तंबाखू मागून राह्यलेत, डॉक्टर देऊ देत नाहीत. प्रत्येकानं आपापल्या परीनं लेकराला धीर दिला. कुणी कुणाला विचारून दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंग जर्मनीत उतरला, तोपर्यंत आबाराव गेल्या दहा वर्षांत नव्हते इतके ठणठणीत झालेले होते.

जर्मनीच्या त्या विमानतळावरून फोन आला तेव्हा घरची माणसं पेटीभोवती बसलेली होती. आदिनाथनं फोनचा आवाज मोठा केला.

"आदी, व्हिडिओ लाव."

"नेट कमी हाय दादा."

"मंग बाबाला दे. दोन शब्द बोलू दे मला."

"ते निजलेत."

"मामा तर म्हणला बसलेत. आदी, तू काही लपवून तर न्हाई राह्यला ना?" भुजंगचा आवाज चिरला. "खरं सांग. मी हितं एकटा हाय रे. आजूबाजूला समदे गोरे, कोन वळखीचं न्हाई. खरं सांग."

आता हाच तो क्षण, ज्यासाठी हा कायदा आहे. एकट्या माणसाला, परक्या ठिकाणी, फोनवर सांगायचं नाही. आणि हळूहळू सगळ्यांच्या माना कचरूकडं वळल्या.

कारण आवाज. दोघा भावांचा आवाज एकच होता. फोनवर तर सख्ख्या आईला फरक कळत नव्हता. कचरूंनी मान हलवून नको नको केलं. मग त्यांनी गोपिकाबाईंकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं, आणि फोन घेतला. घसा खाकरला. तो खाकरण्याचा आवाजसुद्धा आबारावांचाच निघाला.

"कोन, भुजंग्या का?"

गोपिकाबाईंचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडं गेला.

"बाबा!" पलीकडं भुजंग हसला का रडला ते कळलं नाही. "कसं वाटून राह्यलं?"

"मला काय झालंय. वांगे घ्यायला गेल्तो, चक्कर आली. ह्या लोकायनी बोभाटा केला."

"तो आवाज कशाचा येऊन राह्यलाय?"

"मशीन हाय," कचरू म्हणाले. "हवेचं. डाक्टर म्हणला लावून ठिवा." गुलाबी दिवा त्यांच्या तोंडावरून गेला. "तू कुठं हायस?"

"जर्मनीत."

"तिथं काय करून राह्यला?"

"तुमच्याकडंच येऊन राह्यलो ना बाबा."

"आन सूनबाई कुठं हाय?"

भुजंग म्हणाला, "बाबा, ती दवाखान्यात हाय. मी विमानात असताना तिला कळा सुरू झाल्या. शेजारची पंजाबी बाई घिऊन गेली. उतरल्या उतरल्या फोन आला तिचा. लई रडून राह्यली व्हती. मला काही सुचंना, इकडं येऊ का तिकडं जाऊ."

आदिनाथ हातानं खुणा करत होता. 'ये म्हणा. जल्दी ये म्हणा.' कचरूंनी खुणा पाहिल्या. पण ते तोवर बरेच आत गेले होते. गेल्या दोन मिनिटांत ते आबाराव झाले होते, आणि आबाराव म्हणजे आयुष्यभर कुणाच्या खुणांवर चाललेला माणूस नव्हता.

"म्हंजे पोरीला कळा येऊन राह्यल्या," कचरूंचा आवाज चढला, "परक्या मुलखात एकटीला टाकलं तिला, आन तू माझं तोंड बघाया येऊन राह्यला? अक्कल हाय का न्हाई तुला? मी काय पळून चाललोय? माघारी जाय! आधी तिच्याकडं जाय. मी हाय हितं!"

'मी हाय हितं' हे असं काही घुमलं की दारातला धर्मराजसुद्धा उठून उभा राहिला.

"बाबा," भुजंग नाक ओढत म्हणाला, "लई दिवसांनी शिव्या दिल्या तुम्ही."

"जाय म्हणलं ना!"

आदिनाथनं झडप घालून फोन घेतला, पण तोवर भुजंग गेला होता.

घरात फक्त जनरेटर बोलत होता.

"काका," धर्मराज मनापासून म्हणाला, "बिलकुल बराबर जमलं."

त्याला कुणी मारलं नाही, एवढंच.

कचरूंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "वहिनी, मला न्हाई कळलं. तोंडातून निघालं. तो असता तर हेच म्हणला असता."

"असता तर," गोपिकाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. भिंतीचा आधार घेत आदिनाथजवळ आल्या. "फोन लाव. आता खरं सांगते मी. लागंल तेवढं रडू दे त्याला, पण येऊ दे. बापाला आग कोन देईन?"

आदिनाथनं लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा भुजंगनं उचलला, मागं बाई कसल्यातरी भाषेत सूचना देत होती.

"आदी, काउंटरवर हाय मी. कॅलगरीच्या विमानात एक सीट हाय म्हणून राह्यले, एकच."

"मोठी माय बोलती," आदिनाथ म्हणाला आणि फोन गोपिकाबाईंच्या कानाला लावला.

"माय!" भुजंग म्हणाला. त्याचा आवाज लहान लेकरासारखा झाला होता. "बाबा म्हणले जाय. पण मला तूच सांग. मी जाऊ का येऊ? आत्ताच सांगावं लागन, ही बाई थांबून राह्यलीय. प्रियाला सांगितलं मी की कदाचित येतो, तव्हा ती गप झाली. डॉक्टर म्हणले लेकरू आडवं हाय, कापावं लागन. माय, तू म्हणशील ते करतो."

गोपिकाबाईंनी पेटीकडं पाहिलं. काचेला आतून दव धरलं होतं, आबारावांचं तोंड नीट दिसत नव्हतं. आदिनाथ त्यांच्या इतका जवळ उभा होता की त्याला त्यांच्या बांगड्या एकमेकींवर वाजताना ऐकू येत होत्या.

"माय?"

"जाय," गोपिकाबाई म्हणाल्या.

"खरंच जाऊ?"

"जाय बाबा. तिच्यापाशी जाय. तुझा बाप बरा हाय."

एवढं बोलून त्यांनी फोन आदिनाथच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसल्या. नंतर थोड्या वेळानं भुजंगचा निरोप आला. 'बसलो. बाबाला सांग, उन्हाळ्यात येतो, लेकरू घेऊन.' आदिनाथनं 'बरं' लिहून पाठवलं. त्या 'बरं'पुढं एकच टिक आली. दुसरी आली नाही.

आता थांबायला कारण उरलं नाही. धर्मराजचं डिझेलही संपत आलं होतं, आणि त्याला रात्री घनसावंगीला देवीच्या मिरवणुकीला जायचं होतं. दिवस मावळायच्या आत माती करायची ठरली. पण बैठक उठेना, कारण एक मोठा प्रश्न शिल्लक होता. माती आज, पण आबारावांनी मरायचं कधी?

"तिकडं लेकरू होईन, ह्याचा फोन येईन," कचरू म्हणाले. "तव्हा काय सांगायचं?"

"बाळंतपणात सांगायचं न्हाई," एक जण म्हणाला.

"मंग बारसं झाल्यावर."

"बारसं झाल्याबरोबर? लोक म्हणतील लेकरू वाईट पायगुणाचं हाय."

"सव्वा महिना होऊ द्या."

"तव्हर व्हिडिओवर काय दाखवायचं? कचरूकाकाला?"

कचरूंनी मान खाली घातली. बरीच चर्चा होऊन असं ठरलं की आबारावांना संक्रांतीनंतर पुन्हा एकदा बरं नसेल, आणि मग हळूहळू. तोवर सुतक गुपचूप पाळायचं, दहावा गुपचूप घालायचा, आणि कावळ्यालाही कुठं बोलू नको म्हणून सांगायचं. हे शेवटचं कुणी हसायला म्हणून म्हणालं नव्हतं. आणि गोपिकाबाईंच्या बांगड्या संक्रांतीपर्यंत तशाच. त्यांना विचारायला पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं. विचारायला कुणी उठलं नाही.

माती झाली. तोंड न उघडता झाली, म्हणजे कुणी गळा काढला नाही. आबारावांच्या आवाजात भुजंगला माघारी धाडणाऱ्या कचरूंनीच त्यांना अग्नी दिला. मडकं खांद्यावर घेऊन फिरताना त्यांचा पाय दोनदा अडखळला. आदिनाथनं त्यांना धरलं. फिरणं संपलं तेव्हा ते एकदाच म्हणाले, "आबा, मला माफ कर," आणि आदिनाथ दचकला, कारण मेलेला माणूस स्वतःचीच माफी मागतोय, असंच ते ऐकू आलं.

परत आले तेव्हा पेटी गेलेली होती, गाडी गेलेली होती. भिंतीला टेकून गोपिकाबाई बसल्या होत्या. त्यांनी आदिनाथला जवळ बोलावलं.

"कुठं पोचलं असंन?"

विमान कुठं आहे ते फोनवर दिसतं. आदिनाथनं काढून दाखवलं. निळ्या पाण्यावर एक पिवळं इवलंसं विमान होतं. ते हलताना दिसत नव्हतं, पण नजर काढून परत बघितलं की थोडं डावीकडं गेलेलं असायचं.

"आपण कोणत्या अंगाला?"

आदिनाथनं नकाशा सरकवला. बराच सरकवला. शेवटी उजव्या कोपऱ्यात भारत आला, तेव्हा विमान डाव्या कडेनं पडद्याच्या बाहेर गेलं. दोन्ही एका वेळी दिसेनात. त्यानं बोटांनी चिमटा घेऊन नकाशा लहान केला, तेव्हा दिसली, पण विमान मुंगीएवढं झालं.

गोपिकाबाईंनी त्या मुंगीवर बोट ठेवलं. दाबून धरलं. बोट उचललं तर ती बोटाच्या पलीकडं निघून गेली होती.

"आदी, माघारी बोलव त्याला."

"मोठी माय, तूच म्हणली ना जाय?"

"म्हणले. तव्हा म्हणले." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळे कोरडे होते. "आता वाटून राह्यलं, यायला पाहिजे. तिकडंबी पाहिजे, हितंबी पाहिजे. मला दोन घास गिळना. बोलव."

"ते वळत नसतं."

"तू गावाचे अर्ज करतो. कुणाचं नाव चुकलं, कुणाचा विमा अडकला, समद्यांचं करतो. माझा एक कर."

आदिनाथनं सात वर्षांत सेंटरवर आलेल्या कुणालाच 'असं होत नसतं' असं म्हटलं नव्हतं. होत नसलं तरी तो अर्ज करून द्यायचा, पावती काढून द्यायचा, माणूस पावती घडी करून खिशात घालून घरी जायचा. त्यानं विमान कंपनीच्या साईटवर जाऊन 'तुमचे म्हणणे कळवा' असा रकाना शोधला. गोपिकाबाई सांगत गेल्या, तो सेंटरच्या भाषेत बसवत गेला. मग त्यानं खालच्या बारीक अक्षरांपुढं टिक केली आणि अर्ज पाठवून दिला.

प्रति,
मा. मुख्य साहेब, विमान विभाग यांचे सेवेशी.

अर्जदार: गोपिकाबाई आबाराव, रा. कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना.

विषय: चालू विमान माघारी वळवून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, माझा मुलगा भुजंग हा आज रोजी आपल्या विमानात बसलेला असून, त्यास 'जा' असे मीच सांगितले आहे. सदर 'जा' माझ्याकडून नजरचुकीने गेलेले नसून पूर्ण शुद्धीवर गेलेले आहे, तरी ते रद्द समजण्यात यावे. विमान सध्या पाण्यावर असल्याने वळविण्यास मोकळी जागा आहे. गावात सोयाबीन निघालेले आहे, रान रिकामे आहे, उतरण्यास अडचण येणार नाही. तसेच सूनबाई तिकडे एकटी असून तिची सुटका व्हायची आहे, करिता मुलगा तिच्याजवळ वेळेवर पोहोचेल याचीही दक्षता घेण्यात यावी. वरील दोन्ही बाबी एकाच वेळी करून मिळाव्यात. नियमात तशी तरतूद नसल्यास, दोन्ही विमानतळांमधील अंतर खास बाब म्हणून आजच्या दिवसापुरते कमी करण्यात यावे, ही नम्र विनंती.